प्रश्नातला 'ना'

वाक्लाव, नेब्रास्का
२ मार्च

प्रिय कोच टेलफर,

आपली ओळख नाही, पण धंदा एकच, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. मी व्हर्नन कुचेरा. इथल्या हायस्कुलात तीस वर्षं आपला अमेरिकन फुटबॉल शिकवला, दोन वर्षांपूर्वी गुडघ्याने दगा दिला म्हणून थांबलो. गावात मला नावाने कोणी हाक मारत नाही. पाद्रीबाबा, न्हावी, बँकेतली मुलगी, सगळ्यांचा मी 'कोच'. घरातसुद्धा तेच. माझी बायको आर्डिस मी कोच झाल्यापासून मला कोचच म्हणते. फोन केला असता, पण तीस वर्षं शिट्टी कानाशी वाजवल्यामुळे फोनवरचं मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरतो, असं घरचे म्हणतात. म्हणून पत्र.

मुद्द्यावर येतो. गेल्या आठवड्यात कोंबड्यांकडे जाताना मागच्या दाराशी टांगलेला ब्रेंटचा कोट अंगात घातला. ब्रेंट माझा मुलगा. कोट नावालाच त्याचा आहे; बाहेर थंडी असली की जो निघतो तो घालतो. खिशात तुमचं कार्ड निघालं. 'नाओमी टेलफर, लाइफ कोच, लिंकन.' खरं सांगतो, आधी हसलो. जगायला कोच लागतो म्हणजे उद्या जांभई द्यायलाही लागेल. पण मग विचार केला की पोरगा तेहतिशीचा झाला, नोव्हेंबरात दुसऱ्या शाळेतली सहायक कोचची नोकरी सोडून घरी आला, तेव्हापासून आमच्या तळघरात राहतो आणि काही बोलत नाही. बापाचं ऐकत नाही तर निदान एका कोचचं तरी ऐकतोय, हे काय वाईट?

तर तुमच्या कामाला येईल अशी माहिती देतो. पोरगा गुणी आहे. अंगात ताकद आहे, डोकं थंड आहे. दोष एकच, चेंडू हातात आला की धावायच्या आधी चहूकडे बघत बसतो. आईवर गेलाय. काही विचारलं की दोघांचं उत्तर एकच, 'बघू.' त्याला मोकळं सोडलं तर तो बघतच राहील. त्याला चाल सांगावी लागते.

आणि चाल अशी आहे. आमच्या शाळेतली कोचची जागा पुन्हा रिकामी झाली आहे. अर्ज एप्रिलअखेरपर्यंत घेणार. मैदानाच्या फाटकावर कुचेरा हे नाव आहे, ते माझ्याबरोबर संपू नये एवढीच माझी इच्छा आहे. तुम्हाला सांगायला नको, मैदानात पोरं उभी असतात पण प्रत्येक चाल कडेवरून कोच पाठवतो. पोरांनी फक्त धावायचं. तुम्ही कडेवर आहात. ही चाल पाठवा. माझं नाव मध्ये आणू नका.

सोबत आर्डिसने भाजलेले सारणाचे गोड पाव, आमचे कोलाचे, पाठवतोय, निम्मे आलुबुखाऱ्याचे, निम्मे खसखशीचे. डब्यावरचा पत्ता तिने दोनदा वाचला, मग आणखी चार घातले. माणसांना खायला घालण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

आपला,
कोच कुचेरा

•

लिंकन
९ मार्च

प्रिय मि. कुचेरा,

कोलाचे पोचले. परत पाठवायला हवे होते, पण डबा उघडून वास घेतल्यावर तो विचार मागे पडला. खसखशीचे संपले आहेत.

आता जे लिहिणार आहे त्याने तुमची निराशा होईल. माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी कोणालाच सांगत नाही. आईबापांना नाही, नवऱ्याला नाही, बायकोला नाही. तुमचा मुलगा माझ्याकडे येतो असंही मी म्हणत नाही आणि येत नाही असंही नाही. माझ्याकडे येणाऱ्या कोणाबद्दल पत्र आलंच, तर ते आल्याचं मी त्या माणसाला सांगते. तेव्हा इथे काही लिहाल तर ते समजून लिहा.

दुसरं असं की आपला धंदा एक नाही. नाव एक आहे, त्याने घोटाळा होतो आणि तो फक्त तुमचाच होतो असं नाही. मी चाली पाठवत नाही. माझ्याजवळ चालींची वही नाही. कोणी कुठली नोकरी धरावी, कोणाशी लग्न करावं, घर विकावं की ठेवावं, यातलं मला त्यांच्याहून जास्त काही कळत नाही. मी विचारते आणि ऐकते. माणूस बोलता बोलता स्वतःच थबकतं, मग मी ते थबकणं वाया जाऊ देत नाही. कामाचा मोठा भाग एवढाच आहे.

तुम्ही मला लिहिलंत म्हणून तुम्हाला मात्र एक विचारू शकते. ब्रेंटला काय हवंय, हे तुम्ही ब्रेंटला विचारलंय?

आणि कृपा करून मला कोच म्हणू नका. नाओमी पुरे.

नाओमी टेलफर

•

वाक्लाव
१७ मार्च

प्रिय कोच टेलफर,

समजलो. मीसुद्धा चाल सांगताना तोंडावर कागद धरायचो, समोरच्या कडेवरून कोणी ओठ वाचू नयेत म्हणून. 'येतो म्हणत नाही, येत नाही असंही म्हणत नाही,' वा! तीस वर्षांत इतकं सफाईने मला जमलं नाही. तुमच्याबद्दलचा माझा आदर वाढला.

तुमच्या कामाचा गुण दिसायलाही लागलाय. पोराने परवा दाढी केली. विहिरीचा पंप दोन वर्षं कुरकुरत होता, तो आपण होऊन दुरुस्त केला. घरात कोणीतरी गाणं गुणगुणतंही, मला नीट ऐकू येत नाही पण भिंतीतून जाणवतं. म्हटलं ना, योग्य माणसाने सांगितलं की काम होतं.

एक गोष्ट मात्र मनात खटकते, ती विचारून टाकतो. लोक तुमच्याकडे येतात ते काहीतरी बिघडल्यावरच येत असणार. पायाला लागल्याशिवाय कोणी लंगडत नाही. आमच्या घराण्यात डोक्याचं दुखणं नाही. एक आत्या कोंबड्यांशी तासन्‌तास बोलायची, पण कोंबड्यांची तक्रार नव्हती. ब्रेंटला काही झालंय का? झालं असेल तर मला सांगा. आर्डिसला सांगू नका, ती हाय खाईल.

तुम्ही विचारलंत ते मी केलं. त्याला सरळ विचारलं, 'तू अर्ज करणार आहेस ना?' तो म्हणाला, 'बघू.' म्हणजे आहे तिथेच.

बाकी घरी ठीक आहे. आर्डिस दर गुरुवारी लिंकनला गोधडीच्या वर्गाला जाते, चांगला तासाभराचा रस्ता आहे. गोधडी अजून घरात आलेली नाही. म्हणते मोठी आहे, वेळ लागेल. पूर्वी गुरुवारी तिला मान वर करायला फुरसत नसायची. सामन्याच्या आदल्या दिवशी सगळ्या संघाला आमच्याकडे जेवण, घमेलंभर खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल. चाळीस चाळीस पोरं पोर्चवर बसून जेवायची. मी थांबलो तरी पहिलं वर्ष तिने तो रिवाज मोडला नाही. आता पोरगा कोच झाला की पुन्हा सुरू होईल. तिलाही विरंगुळा हवाच आहे.

हे पत्रही तीच पोस्टात टाकेल, माझा गुडघा बर्फावर चालू देत नाही.

तुमचा,
कोच कुचेरा

•

लिंकन
२६ मार्च

प्रिय मि. कुचेरा,

तोंडावर कागद धरलेला नाही. जे लिहिलं त्याचा अर्थ तेवढाच आहे. तुम्हाला ते पटवणं माझ्या आवाक्यातलं दिसत नाही, म्हणून पुढे जाते.

माझ्याकडे येणारी माणसं आजारी नसतात. मी डॉक्टर नाही. कोणाला झोप येत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर मी त्यांना डॉक्टरकडे पाठवते आणि हट्टाने पाठवते. तिथे प्रश्न विचारत बसणं म्हणजे गुन्हा. येतात ती बहुतेक धडधाकट माणसं. रोजचं सगळं नीट चाललेलं असतं आणि कुठेतरी एक दार अडकलेलं असतं. महिनोन्‌महिने येऊनही काहींचं उघडत नाही. जादूची कांडी माझ्याकडे नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. निम्मे लोकांना वाटतं, मी ते विनयाने म्हणते.

तुम्ही मला मोठी समजताय म्हणून हेही सांगून टाकते की माझं स्वतःचं लग्न टिकलं नाही, माझी बहीण माझ्याशी बोलत नाही, आणि माझ्या गॅरेजात गाडी मावत नाही इतकं सामान भरलंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणाल. पण ब्रह्मज्ञान मी सांगतच नाही, म्हणून निभावतं.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. 'करणार आहेस ना?' हा प्रश्न नव्हे. शेवटचा तो 'ना' बघा. त्यात उत्तर आधीच भरलेलं आहे. समोरच्याने फक्त मान हलवायची. असं विचारल्यावर ज्याला भांडायचं नसतं तो 'बघू' म्हणतो. दुसरं तो काय म्हणणार?

तो 'ना' काढून एकदा विचारून पाहा. घरात कोणालाही विचारा, ब्रेंटलाच असं नाही. एक मात्र आहे, मग जे येईल ते ऐकावं लागतं.

नाओमी टेलफर

•

वाक्लाव
१४ एप्रिल

मिसेस की मिस टेलफर,

तुम्हाला कोच म्हणायचं नव्हतं ना, तर आता नाही म्हणत.

तुमचा 'ना' मी काढला. काय झालं ते ऐका.

काल रविवार. चर्चमधून आलो, जेवायला बसलो. तिघंच. मी मनात दोनदा म्हणून पाहिलं आणि विचारलं, 'ब्रेंट, तुला काय करावंसं वाटतं?' एवढंच. पोराने काटा खाली ठेवला. माझ्याकडे असा बघायला लागला जसा मी चिनी भाषेत बोललो. मग बोलला, आणि सलग बोलला. त्याला फुटबॉल नको आहे. कधीच नको होता. वीज कंपनीत तारांवर काम करणाऱ्यांचं प्रशिक्षण जूनमध्ये सुरू होतंय, त्याला तिथे जायचंय. खांबावर चढायचं, वादळानंतर गावात दिवे परत आणायचे. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता, ते मी नाकारत नाही.

मी चिडलो. म्हणालो, 'इतके महिने ती लिंकनची बाई तुला हेच शिकवत होती का?' तो म्हणाला, 'कोण लिंकनची बाई?' मला वाटलं नाटक करतोय. मी कार्डाबद्दल बोललो, कोटाबद्दल बोललो. त्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

आर्डिस उठली. रश्शाचं भांडं चुलीवर ठेवलं, त्यावर झाकण घातलं. मग वळून म्हणाली, "व्हर्नन, ते कार्ड माझं आहे."

गावातलं एखादं माणूस मला नावाने हाक मारतं तेव्हा कोणीतरी गेलेलं असतं.

ती बसली आणि एका दमात बोलली. गोधडीबिधडी काही नाही. नोव्हेंबरपासून दर गुरुवारी ती तुमच्याकडे येते. मोंटानात डोंगरात एक लॉज आहे, तिथल्या स्वयंपाकघरात तिने काम मागितलं आणि त्यांनी दिलं. मेपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. चौसष्टाव्या वर्षी! मी विचारलं, सीझनचं काय? ऑगस्टात सामने सुरू होतात, गुरुवारच्या जेवणाचं काय? ती म्हणाली, "तोच विचार करत मी सगळा हिवाळा काढला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. मी तुम्हाला पोराची सगळी कुंडली पाठवत होतो आणि तुम्ही ती वाचत होतात. तुम्हाला पहिल्या पत्रापासून माहीत होतं. हसला असाल. बेचाळीस वर्षांच्या संसारातून बायकोला उठवून डोंगरात पाठवायचं आणि वर म्हणायचं, मी चाली पाठवत नाही! मग ही कोणाची चाल? आर्डिसला एकटीने दुसऱ्या गावात रात्र काढणं माहीत नाही. तिच्या डोक्यात हे आपोआप येणार नाही. हे कोणीतरी घातलेलं आहे.

घातलंत तसं काढा. तिला सांगा, जाऊ नको. तुमचं ती ऐकते. एवढं करा, मग मी तुम्हाला पुन्हा लिहिणार नाही.

व्हर्नन कुचेरा

•

लिंकन
१९ एप्रिल

प्रिय मि. कुचेरा,

माझ्याकडे कोण येतं हे मी आजही सांगत नाही. तुम्हाला याचा संताप येईल, तरी.

मी हसले नाही. पहिलं पत्र वाचल्यावर दोन दिवस मला सुचत नव्हतं की उत्तर द्यावं की न द्यावं. कदाचित द्यायला नको होतं. ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

कोणाच्या डोक्यातून काही काढणं मला येत नाही. घालणंही येत नाही. तुम्हाला ज्यांच्याबद्दल जाणून घ्यायचंय त्या तुमच्याच घरात आहेत. मला लिहिण्याऐवजी त्यांना विचारा.

नाओमी टेलफर

•

वाक्लाव
८ मे, सकाळी

व्हर्नन,

तू पंपाकडे गेला आहेस तोवर हे लिहून टेबलावर ठेवते. ब्रेंट मला स्टेशनवर सोडायला येणार आहे. तू येशील असं मला वाटत नाही आणि आला नाहीस तरी मी रागावणार नाही.

तीन आठवडे तू माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलला नाहीस. फक्त एकदा म्हणालास, 'त्या बाईने तुझ्यावर मोहिनी घातली.' त्याचं उत्तर आता देते.

तिने मला 'जा' असं एकदाही म्हटलं नाही. म्हणावं म्हणून मी काय काय केलं ते ऐकशील तर तुला हसू येईल. पहिल्या गुरुवारी मी वही-पेन घेऊन गेले होते. वाटलं, डॉक्टर जसा पथ्यपाणी लिहून देतो तशी ती देईल, सकाळी हे करा, संध्याकाळी ते करा. वही कोरी परत आणली. मग वाटलं, ठीक आहे, मनातलं ओकायला एक मैत्रीण मिळाली. पण मैत्रीण असती तर तुझ्याबद्दल सांगितल्यावर 'बाई गं, कसं सोसलंस' म्हणाली असती. ही तसं कधीच म्हणाली नाही. तुझी बाजू घेतली नाही आणि माझीही नाही. फेब्रुवारीत मी गयावया केली, म्हटलं, तुम्हीच सांगा, जाऊ की नको, मी तसं करते. तिने विचारलं, "आणि उद्या तिसऱ्या कोणी वेगळं सांगितलं तर?" मी गाडीत बसून रडले. परत येताना रस्ता दिसत नव्हता.

मी तिथे गेले ते घरात काही वाईट होतं म्हणून नाही. वाईट असतं तर मला सांगता आलं असतं, बहिणीला सांगितलं असतं, पाद्रीबाबांना सांगितलं असतं. तू चांगला माणूस आहेस. घर चांगलं होतं. आणि दर गुरुवारी घमेल्यात डाव फिरवताना मला वाटायचं, मी स्वतः होऊन काय रांधलं असतं ते मला माहीतच नाही. हे कोणाला सांगणार? लोक म्हणाले असते, सुख दुखतंय.

तुझी पत्रं पोस्टात टाकत होते ती मी. पत्र आल्याचं तिने पहिल्याच वेळी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, येऊ द्यात. मला तेव्हाच तुला सांगायला हवं होतं, ते चुकलं माझं. पण मला भीती वाटत होती. तू रागावशील याची नाही. तू मला चार वाक्यांत पटवशील याची. तू चाळीस पोरांना पावसात चिखलात धावायला पटवतोस, माझी काय कथा? म्हणून आधी काम पक्कं केलं आणि मग बोलले.

मी तुला सोडून जात नाही. हे नीट वाच, कारण तू निम्मं मनाने भरतोस. मी पाच महिने स्वयंपाक करायला जाते आणि परत येते.

कोंबड्यांना रात्री आत घे. लाल कोंबडी हट्टी आहे, तिला उचलून आणावं लागतं.

आर्डिस

•

वाक्लाव
१८ ऑगस्ट

आर्डिस,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही कारण लिहायला बसलो की भाषण व्हायचं आणि फाडायचो. हा माझा चौथा कागद आहे, जमेल असं वाटतं.

ब्रेंट खांबावर चढतो. गेल्या शनिवारी मला बघायला नेलं. इतक्या उंचावरून त्याने हात हलवला आणि मी गाडीचं दार घट्ट धरलं, पण तो हसत होता. मुलाला असं हसताना मी मैदानावर कधी पाहिलं नव्हतं. हे तुला सांगावंसं वाटलं.

नवा कोच कॅन्ससचा आहे. चांगला वाटतो. पोरांना नावाने हाक मारतो. गुरुवारच्या जेवणाचं कसं करायचं म्हणून तो विचारायला आला, तेव्हा मी तोऱ्यात म्हटलं, मी करतो. परवाच्या सराव सामन्याआधी चिली मीच केली. खाली लागली. पोरांनी निमूटपणे खाल्ली, एकाने तर आणखी मागितली. त्या पोराची घरी आबाळ होत असावी. दालचिनीचे रोल बेकरीतून आणले. भांडी घासताना कंबर राहिली नाही. तू इतकी वर्षं हे कसं केलंस आणि मी एकदाही स्वयंपाकघरात का आलो नाही, हे मला कळत नाही. गुरुवारी संध्याकाळी मी कुठे असायचो?

घर मोठं वाटतं. मला करमत नाही. लिहायला लाज वाटते, पण बोलायला तू इथे नाहीस, म्हणून लिहितो. तू मात्र तिथे बरी असावीस. तुझ्या पत्रातलं अक्षर मोकळं झालंय.

पहिला खरा सामना एकोणतीस तारखेला आहे. तो चुकला तरी चालेल. गाडीने दोन दिवसांत तिथे पोचता येतं, मी नकाशा पाहिला. म्हणून विचारतो.

मी तिकडे येऊ का?

व्हर्नन

•

मोंटाना
२५ ऑगस्ट

प्रिय व्हर्नन,

तुझं पत्र भट्टीपाशी उभी राहून वाचलं. मग पिठाचे हात धुऊन बाहेर जाऊन बसले आणि पुन्हा वाचलं. ब्रेंटचा हसरा चेहरा डोळ्यांपुढे आला. चिलीचं वाचून हसले, आणि मग रडले सुद्धा.

मी इथे सकाळी चारला उठते आणि पाव भाजते. डोंगरावर उजाडायला लागतं तेव्हा पहिली खेप भट्टीतून निघते. इथे मला कोणी ओळखत नाही. नव्या मुलींना माझ्याकडे शिकायला पाठवतात. मी मनाला येईल ते करून पाहते, निम्मं फसतं. परवा आंबट चेरीचा पाव केला, तो कोणाला आवडला नाही. मला आवडला.

तू आलास तर मला आनंद होईल. पण तू आल्याबरोबर मी तुला काय हवं-नको ते बघायला लागेन. तू न सांगता. माझा हात आपोआप तिकडे वळेल. हे तुझं चुकतं असं नाही, मलाच अजून थांबता येत नाही.

म्हणून नको. या खेपेला येऊ नकोस. सप्टेंबर संपला की मी येते.

बेचाळीस वर्षांत मी तुला 'नको' म्हटल्याचं मला आठवत नाही. हे पत्र लिहून दोन दिवस एप्रनच्या खिशात घेऊन फिरतेय. आज टाकते.

आर्डिस

•

वाक्लाव
३१ ऑगस्ट

आर्डिस,

पत्र फाटकापाशीच उघडलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. घरात येऊन बसलो आणि तुला पटवायला तीन कारणं सुचली. तिन्ही चांगली होती.

ती कारणं लिहीत नाही. बरं. वाट बघतो.

व्हर्नन